नवा पिकगार्ड, जुनीच चीर: स्क्रूपाशी तडा का जातो आणि कसा थांबवायचा

तक्रार नेहमी एकाच चालीवर येते. स्ट्रॅट-टाइप (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाच्या) इलेक्ट्रिक गिटारला तयार पिकगार्ड, म्हणजे पुढच्या बाजूला स्क्रूंनी बसवलेली प्लास्टिकची पाटी, बसत नाही, कारण स्वस्त गिटारींची भोकं कुठल्याच मापाला धरून नसतात. म्हणून दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्या बोर्डवाल्याकडून ३ मिमी ॲक्रिलिकचा कापून घेतला. जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास बसवला तेव्हा झकास दिसला. मार्च संपता संपता एका स्क्रूपासून कडेपर्यंत केसाएवढी चीर. दुसरा कापला, या वेळी ४ मिमीचा, आणि मे महिन्यात त्यालाही त्याच जागी चीर.

जाड शीट घेऊन हा प्रश्न सुटत नाही, बऱ्याचदा वाढतो. ॲक्रिलिक उन्हाळ्यात फुगतं, हिवाळ्यात आक्रसतं, आणि अकरा स्क्रूंनी आपण त्याला हलायला जागाच ठेवलेली नसते. बाकीची कारणं आहेत, ती पुढे येतीलच, पण सोलापुरात दहातल्या सात-आठ चिरांच्या मुळाशी हेच निघेल असं आमचं मत आहे.

आधी चीर वाचा

पिकगार्ड काढा. तारा सैल करा, नॉब काढा, स्क्रू काढा आणि पिकअपच्या (तारांची कंपनं टिपणाऱ्या चुंबकी भागाच्या) वायरींना ताण न देता पिकगार्ड उलटा करून जुन्या टॉवेलवर ठेवा. पारदर्शक ॲक्रिलिक असेल तर खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च शीटच्या कडेला चिकटवून धरा. प्रकाश शीटच्या पोटातून जातो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरासुद्धा पांढऱ्या रेघांसारख्या पेटतात. काळ्या किंवा रंगीत शीटवर टॉर्च तिरका धरा आणि नखाने चाचपडा.

चीर भोकापासून जवळच्या कडेकडे सरळ गेली असेल तर दोष स्क्रूच्या डोक्यात किंवा भोकाच्या जागेत आहे. फक्त दोन टोकांच्या भोकांना चिरा आणि मधली भोकं ठणठणीत, तर दोष उष्णतेचा. भोकाभोवती चांदणीसारख्या पाच-दहा बारीक रेघा असतील तर कुठलातरी द्रव लागला आहे. पिकअपच्या खिडकीच्या किंवा नेकच्या (गिटारच्या दांडीच्या) खाचेच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघाली असेल तर कोपरा टोकदार कापला गेलाय. आणि खालच्या बाजूला भोकाभोवती टवके उडालेले दिसले, तर चीर बसवताना पडलेली नाही. भोक पाडतानाच पडली होती, दिसली नंतर.

एकाच पिकगार्डवर दोन-तीन प्रकार सापडणं अगदी सामान्य आहे.

उन्हाचा हिशोब

ॲक्रिलिक दर मीटरला, दर अंश सेल्सियसला सुमारे ०.०७ मिमी वाढतं. स्ट्रॅटचा पिकगार्ड साधारण २९ सेमी लांब. हिवाळ्यातली १५ अंशांची पहाट आणि पत्र्याच्या खोलीतली ४५ अंशांची दुपार यात ३० अंशांचा फरक. गुणाकार केला तर वाढ निघते ०.६ मिमी. खालचं लाकूड रेषांच्या दिशेने त्याच्या दहाव्या भागाइतकंही वाढत नाही. म्हणजे लाकडात रुतलेले स्क्रू जागेवर राहतात आणि त्यांच्याभोवतीचं प्लास्टिक सरकू पाहतं.

०.६ मिमी ऐकायला किरकोळ वाटतं. पण पिकगार्डच्या स्क्रूची दांडी असते २.८ ते २.९ मिमी आणि बोर्डवाला भोक पाडतो ३ मिमीचं, म्हणजे प्रत्येक बाजूला मोकळीक कागदाच्या जाडीएवढी. वाढ मध्यापासून दोन्हीकडे वाटली गेली तरी टोकाच्या भोकाला ०.३ मिमी सरकायचं असतं. तेवढी जागा नाही. मग एकतर पिकगार्ड मधून फुगतो, नाहीतर चिरतो.

गाडीत ठेवलेल्या गिटारीची गोष्ट आणखी वाईट. हुतात्मा स्मृती मंदिरात कार्यक्रम, दुपारी साउंड चेक, गिटार तोवर बाहेर उन्हात गाडीच्या डिकीत. बंद गाडी सहज ६० अंशांच्या पुढे जाते. पीव्हीसीचा पिकगार्ड ७० अंशांच्या आसपास मऊ होऊन वाकतो. ॲक्रिलिक त्या तापमानाला वाकत नाही, पण फुगायचं तेवढं फुगतं. त्यात पिशवी काळ्या कापडाची असेल तर बोलायलाच नको.

भोकं कुठल्या तापमानाला आखली यालाही महत्त्व आहे. दुकानातून मोटारसायकलवर उन्हातून आणलेली शीट लगेच बॉडीवर ठेवून खुणा केल्या तर त्या फुगलेल्या शीटवरच्या खुणा असतात, डिसेंबरात सगळी भोकं आत ओढली जातात. शीट दोन तास खोलीत पडू द्या. मे महिन्यात आखणी सकाळी करा, दुपारी नको.

खरा गुन्हेगार: स्क्रूचं डोकं

भोक मोठं केलं की झालं असं वाटेल. नाही झालं. पिकगार्डचा नेहमीचा स्क्रू म्हणजे अमेरिकन मापातला ४ नंबर, अर्धा इंच लांब, ओव्हल डोक्याचा. डोक्याची खालची बाजू निमुळती असते आणि ती काउंटरसिंक केलेल्या, म्हणजे भोकाच्या तोंडाशी तिरक्या कोरलेल्या वाटीत बसते. निमुळतं डोकं वाटीत शिरलं की आपोआप मध्यावर येऊन घट्ट होतं. भोक कितीही मोकळं असू द्या, वाटी त्याला हलू देत नाही. वर प्रत्येक पिळाला ते पाचरीसारखं प्लास्टिक बाहेर लोटतं. लाकूड फोडायला पाचर मारतात ना, अगदी तसंच.

मग कारखान्यातले पिकगार्ड कसे टिकतात? ते बहुतेक तीन पदरी पीव्हीसीचे, २.२ ते २.५ मिमी जाडीचे. पीव्हीसी चिवट, दाबलं तर दबतं. ॲक्रिलिक तुटण्याआधी जेमतेम चार-पाच टक्के ताणलं जातं. पीव्हीसीसाठी केलेला स्क्रू ॲक्रिलिकवर जसाच्या तसा वापरणं ही मूळ चूक.

यात आणखी एक बारीक मेख. अमेरिकन मापाच्या डोक्याचा कोन ८२ अंशांचा, आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काउंटरसिंक बिट बहुधा ९० अंशांचा. डोकं मग पूर्ण वाटीवर न टेकता तळाच्या अरुंद काठावर, बरोबर भोकाच्या तोंडाशी टेकतं. सगळा दाब त्या एका रेघेवर येतो, आणि चीर निघते तीही तिथूनच.

उपाय दोन आहेत. आम्ही पहिलाच सुचवू.

ॲक्रिलिकला काउंटरसिंक करूच नका. खाली सपाट असलेलं पॅन हेड घ्या: २.९ मिमी जाड, १२ ते १३ मिमी लांब सेल्फ टॅपिंग स्क्रू, खाली पातळ नायलॉन वॉशर. पिकगार्डमधली भोकं ४ मिमीची करा. प्रत्येक बाजूला अर्ध्या मिमीहून जास्त मोकळीक मिळते आणि वॉशरखाली भोक झाकलंही जातं. मधल्या भागातलं एकच भोक ३ मिमीचं ठेवा, म्हणजे पिकगार्ड तिथे धरून राहील आणि फुगायचं तेवढं दोन्ही टोकांकडे फुगेल. दिसायला ओव्हल डोक्यासारखं सफाईदार नाही, हे मान्य. पण चीर पडलेला पिकगार्ड तरी कुठे सफाईदार दिसतो?

ओव्हल डोकंच हवं असेल तर भोक ३.५ मिमी करा. डोक्याचा व्यास व्हर्निअरने मोजा आणि वाटी त्याहून अर्धा मिमी रुंद ठेवा. वाटी मशीनने करू नका. काउंटरसिंक बिट बोटांत किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीत धरून हाताने फिरवा. सात-आठ फेऱ्यांत होते, भुशासारखा पांढरा कीस निघतो आणि कुठे थांबायचं ते हाताला कळतं. मग स्क्रू टेकेपर्यंत फिरवा आणि पाव फेरा मागे घ्या.

भोकाचा मध्य कडेपासून निदान ६ मिमी आत हवा. ६ मिमीची वाटी कडेपासून ४ मिमीवर पाडली तर कडेला १ मिमी प्लास्टिक उरतं. त्याच्याकडून काय अपेक्षा करणार? बॉडीतली जुनी भोकं फारच कडेला असतील तर पिकगार्डचा आकार त्या जागी २ मिमी बाहेर वाढवा. ऑर्डर देऊन कापून घेण्याचा फायदाच तो.

जाता जाता: हा रोग आजचा नाही. फेंडरने १९५९ च्या सुमारास स्ट्रॅटला एकपदरी पिकगार्ड सोडून तीन पदरी सेल्युलॉइडचे बसवायला सुरुवात केली आणि स्क्रू आठांवरून अकरावर गेले. सेल्युलॉइड वर्षानुवर्षं आक्रसत जातं. त्या काळातल्या कितीतरी पिकगार्डांना स्क्रूपाशी तडे आहेत, कारण उलट्या दिशेने तेच: प्लास्टिक सरकतंय, स्क्रू सोडत नाहीत.

शीट कुठली, आणि बोर्डवाल्याला काय सांगायचं

ॲक्रिलिक दोन प्रकारचं येतं, कास्ट आणि एक्स्ट्रुडेड. एक्स्ट्रुडेड स्वस्त पडतं, जाडी एकसारखी असते, पण आतला ताण जास्त आणि चिरा लवकर. ओळखायचं कसं? तुकड्यावर लेझरने एखादं अक्षर कोरायला सांगा. कास्टवर ते दुधासारखं पांढरं उमटतं, एक्स्ट्रुडेडवर फिकट, जवळपास पारदर्शकच राहतं.

बोर्डवाले हमखास पुढे करतात त्या बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. सनबोर्ड म्हणजे फुगवलेलं पीव्हीसी, स्क्रूचं डोकं त्यात रुततं, नको. नेमप्लेटची दोनरंगी शीट दीड मिमीच्या आसपास, पिकगार्डला पातळ. सनमायका नुसता लावला तर पॉट (आवाज-टोनच्या नॉबखालचा भाग) घट्ट करताना वाकतो. एसीपी (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल) मात्र विचार करण्यासारखं आहे. ३ मिमीच्या शीटला दोन्हीकडे ॲल्युमिनियमचा पत्रा, उष्णतेने वाढ ॲक्रिलिकपेक्षा बरीच कमी, आणि पत्रा अर्थला जोडला तर शिल्डिंग (बाहेरची विजेची गुणगुण अडवणारं कवच) आपोआप. कडेला मधलं प्लास्टिक दिसतं आणि ते लेझरवर नव्हे, राउटरवर कापावं लागतं.

तीन पदरी पीव्हीसी शीट ऑनलाइन मागवली असेल तर ती लेझरवर कधीही ठेवू नका. जळताना क्लोरीनयुक्त वायू आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ निघते. ऑपरेटरच्या छातीला आणि मशीनच्या लोखंडाला दोन्हीला घातक. पीव्हीसी जिगसॉ, फ्रेटसॉ किंवा राउटरनेच कापायचं.

दुकानात संवाद साधारण असा व्हायला हवा:

“दादा, कास्ट ॲक्रिलिक, तीन मिमी. दोन्हीकडचा कागद राहू द्या.”

“भोकं लेझरनेच मारू का?”

“हो, चार मिमीची. मधलं एक तीनचं. आतले कोपरे गोल दिलेत फाइलमध्ये, ते चौकोनी करू नका. आणि पहिला एमडीएफमध्ये कापा, तो बसवून बघतो, मग ॲक्रिलिक.”

एमडीएफचा नमुना हा फालतू खर्च नाही. जुना पिकगार्ड ए४ स्कॅनरवर अख्खा मावत नाही, दोन तुकड्यांत स्कॅन करून जोडावा लागतो आणि जोडताना एक-दीड मिमी कुठेतरी हरवतोच. स्कॅन करताना शेजारी स्टीलची पट्टी ठेवा आणि कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्टीवरचे १०० मिमी खरंच १०० मिमी येतात का ते तपासा. झेरॉक्सवर भरवसा ठेवू नका, शंभर टक्के म्हणून काढलेली प्रतही थोडी लहान-मोठी निघते. लेझर स्वतः ०.१५ ते ०.२ मिमी प्लास्टिक खातो, ते पिकअपच्या खिडकीला चालून जातं.

फाइलमध्ये ही मापं नक्की बघा. आतल्या प्रत्येक कोपऱ्याला निदान २ मिमी त्रिज्येची गोलाई, नेकच्या खाचेलासुद्धा. नेक आणि ब्रिजच्या पत्र्याभोवती प्रत्येकी अर्धा मिमी फट. पाच-वे स्विचच्या दोन स्क्रूंमध्ये ४१.३ मिमी. पॉटची भोकं मोठ्या इंची पॉटला ९.५ मिमी, मिलिमीटर मापाच्या पॉटला ७ किंवा ८. पॉट हातात घेऊन मोजा, अंदाज नको. भोक मोठं झालं तर पॉट डगमगतो, मग माणूस नट जास्त आवळतो आणि तिथे चीर.

घरी भोक पाडायचं असेल तर

लोखंडाचा साधा ड्रिल बिट ॲक्रिलिकमध्ये शिरताना नीट कापतो, पण बाहेर पडताना स्क्रूसारखा ओढला जातो आणि मागच्या बाजूचा टवका घेऊन निघतो. आधी २ मिमीचं आणि मग त्यातच ४ मिमीचं भोक, ही लाकडावरची सवय इथे उलटते. मोठ्या बिटाला मध्ये पकडच नसते, तो भसकन आत जातो.

बिटाच्या दोन्ही कापणाऱ्या धारांवर बारीक ऑइलस्टोन दोन-तीनदा हलकेच उभा फिरवा. धारेचा पुढचा कंगोरा बोथट झाला की बिट कापायच्या ऐवजी खरवडतो, आणि ॲक्रिलिकला तेच मानवतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लूमचे पार्ट करणाऱ्या कुठल्याही लेथवाल्याला “प्लास्टिकसाठी धार मारून दे” म्हटलं तर त्याला कळतं. स्टेप ड्रिल असेल तर आणखी सोपं. शीटखाली सपाट लाकूड क्लॅम्पने घट्ट धरा, वर मास्किंग टेप, वेग कमी, दाब हलका. शेवटचा अर्धा मिमी अगदी सावकाश.

बॉडीतलं भोक तिरकं असेल तर

पिकगार्ड निर्दोष आहे, भोकं मोकळी आहेत, तरी एकाच जागी चीर येते. अशा वेळी त्या जागचं लाकडातलं भोक बघा. जुना स्क्रू तिरका गेला असेल तर नवाही तिरकाच जातो, आणि त्याचं डोकं एका बाजूने कलून दाबतं. भोक १ मिमी बाजूला असेल तर स्क्रू पिकगार्डला ओढून नेतो.

३ मिमीची बांबूची काडी घ्या (कबाबच्या सळ्या चालतात), फेविकॉल लावून भोकात ठोका, वरून सपाट कापा. एक दिवस वाळू द्या. मग पिकगार्ड जागेवर ठेवून मध्य टोच्याने खुणवा आणि २ मिमीचं भोक सरळ पाडा, कठीण लाकडात २.२ मिमीचं. स्क्रूच्या आट्यांवर मेणबत्ती घासा. साबण नको, तो ओल धरतो आणि स्क्रू गंजतो.

नेकखाली अडकतंय का?

ही जागा सगळ्यात जास्त नजरेतून सुटते. २२ फ्रेटच्या नेकमध्ये फिंगरबोर्डचं टोक पिकगार्डच्या वर पुढे आलेलं असतं. त्याखालची फट कारखान्याच्या २.३ मिमी पिकगार्डपुरतीच ठेवलेली असते. तिथे ३ मिमीचं ॲक्रिलिक कोंबलं की ते फिंगरबोर्ड आणि बॉडीमध्ये आवळलं जातं, तिथून हलत नाही, आणि हॉर्नकडच्या (बॉडीच्या शिंगासारख्या टोकाकडच्या) स्क्रूंवर सगळा ताण येतो. चीरही मग वरच्या हॉर्नवर दिसते. माणूस त्या स्क्रूला दोष देत बसतो.

कापण्याआधी ३ मिमी शीटची एक पट्टी फटीत सरकवून बघा. सहज सरकली तर ठीक. अडकली तर २ मिमीची शीट घ्या, किंवा नेकखाली येणारा भाग खालच्या बाजूने १२० नंबरच्या पॉलिश पेपरने मिमीभर उतरवा. नेकचे बोल्ट सैल करून पिकगार्ड आत ढकलायचा आणि मग बोल्ट आवळायचे, हा उपाय नाही, तीच अडचण पक्की करणं आहे.

असाच दुसरा प्रकार म्हणजे पिकगार्डखाली काहीतरी दबलेलं असणं. एखादी वायर, तांब्याच्या टेपची घडी, पॉटच्या डब्यावर सोल्डरचा मोठा गोळा. पारदर्शक पिकगार्डखाली सोलापुरी चादरीचा तुकडा घालायची हौस इथे अनेकांना असते. दिसतोही छान. पण चादरीचं कापड जाड, ते पिकगार्डला मधून उचलतं आणि कडेचे स्क्रू आवळताना शीट वाकते. तुकडा प्रत्येक स्क्रूपासून दीड-दोन सेमी आत कापला तरी फुगवटा राहतोच. त्यापेक्षा चादरीचा फोटो व्हिनाइलवर छापून ॲक्रिलिकच्या मागे चिकटवा. मोर तोच, नक्षी तीच, जाडी नगण्य.

चांदणीसारख्या चिरा: बाटली कुठली होती?

लेझरने कापलेल्या कडेत ताण अडकून राहतो. दिसत नाही. अल्कोहोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल यांपैकी काहीही त्या कडेला लागलं की ताण वाट शोधतो आणि भोकाभोवती बारीक रेघांची जाळी उमटते, कधी मिनिटांत, कधी चार दिवसांनी. हातावर सॅनिटायझर घेऊन लगेच गिटार उचलणं, काच पुसायच्या स्प्रेने पिकगार्ड चमकवणं, स्टिकरचा चिकटा थिनरने काढणं, पॉटचा नट सुटू नये म्हणून थ्रेडलॉकर लावणं: चारही गोष्टी ॲक्रिलिकला वर्ज्य. मागच्या बाजूने स्प्रे पेंट मारणाऱ्यांनीही लक्षात ठेवा, त्यात थिनर असतोच. रंग पाण्यात मिसळणारा घ्या.

पुसायला कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड. चिकट्याला खोबरेल तेल चोळा, दहा मिनिटांनी साबणाने धुवा. पॉटचा नट सैल होत असेल तर खालच्या बाजूला दातेरी वॉशर, वर सपाट वॉशर.

हा ताण काढून टाकता येतो. कास्ट ॲक्रिलिक ८० अंशांवर, मिमीमागे एक तास या हिशोबाने तीन तास सपाट काचेवर ठेवायचं आणि ओव्हन बंद ठेवूनच ५० अंशांखाली थंड होऊ द्यायचं. कागद आधी काढायचा. पण घरातल्या ओटीजीचा काटा बहुधा १०० पासून सुरू होतो आणि खरं तापमान वर-खाली पळतं. १०० च्या पुढे ॲक्रिलिक मऊ पडतं. वेगळा ओव्हन थर्मामीटर आत ठेवून खात्री केलेली नसेल तर या भानगडीत पडू नका. बाटल्या लांब ठेवा, तेवढं पुरतं.

पडलेल्या चिरेचं काय

चीर स्क्रूपासून कडेपर्यंत पोचली असेल तर तो पिकगार्ड नमुना म्हणून ठेवा आणि नवा कापा. अर्ध्यात थांबली असेल तर वाचवता येतो. पिकगार्ड गिटारवरून पूर्ण उतरवा, एक दिवस मोकळा पडू द्या. चिरेचं टोक टॉर्चने शोधा आणि बरोबर टोकावर दीड मिमीचं भोक पाडा, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. मग बोर्डवाले ॲक्रिलिक जोडायला वापरतात ते क्लोरोफॉर्म सुईच्या टोकाने एक थेंब चिरेवर सोडा, ते आपोआप आत ओढलं जातं. २४ तास हात लावू नका. क्लोरोफॉर्मची वाफ विषारी, त्यामुळे काम गच्चीवर किंवा अंगणात, आणि गिटार जवळपासही नको, रंगावर एक थेंब पडला तर तो रंग गेला.

फेविक्विक टाळा. आजूबाजूला पांढरं धुकं उमटतं आणि सांधा ठिसूळ राहतो. पीव्हीसीच्या पिकगार्डला नळाच्या पाइपचं सॉल्व्हंट सिमेंट चालतं, खालून पीव्हीसीच्याच पातळ तुकड्याचं ठिगळ लावून.

बसवण्याचा क्रम

पिकगार्ड जागेवर ठेवा आणि एकही स्क्रू न लावता सगळ्या भोकांतून खाली बघा. लाकडातलं प्रत्येक भोक मध्यावर दिसायला हवं. एखादं अर्धचंद्रासारखं दिसत असेल तर थांबा, आधी ते भोक दुरुस्त करा. मग मधल्या ३ मिमीच्या भोकातला स्क्रू, त्यानंतर डावीकडे एक, उजवीकडे एक, असं टोकांपर्यंत. सगळे आधी सैल. शेवटच्या फेरीत डोकं वॉशरला टेकलं की थांबायचं. बोटाने वॉशर फिरवून बघा, थोडा जोर लावल्यावर फिरला तर बरोबर, ठामच बसला तर पाव फेरा मागे. ड्रिल मशीनला स्क्रूचा बिट लावून आवळू नका. मशीनला लाकूड आणि ॲक्रिलिक यातला फरक कळत नाही.

पिकगार्ड उघडलाच आहे तर आणखी एक काम. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत पिकगार्डवर बोट घासलं की ॲम्पमधून चरचर येते, ती स्थिर विजेची. खालच्या बाजूला तांब्याची टेप लावा, पट्ट्या एकमेकींवर ५ मिमी चढवा, प्रत्येक जोडावर सोल्डरचा ठिपका द्या आणि टेप पॉटच्या डब्याला जोडा. टेप पिकगार्डवर असताना सोल्डर करत असाल तर सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, खालचं ॲक्रिलिक फुगतं. मल्टीमीटरवर टेपचं कुठलंही टोक आणि जॅकची अर्थ यांत एका ओहमपेक्षा कमी यायला हवं. टेप स्क्रूच्या भोकांपासून ५ मिमी दूर कापा, तिथे तिची सुरकुती आली की पुन्हा डोक्याखाली उंचवटा.

बसवल्यावर लगेच गाण्याला नेऊ नका. दोन-तीन दिवस घरातल्या सगळ्यात गरम खोलीत, पिशवीबाहेर, उभी ठेवा. रोज दुपारी टॉर्च कडेला लावून टोकाची चार भोकं बघा आणि पिकगार्डच्या मधोमध स्टीलची पट्टी आडवी धरा. पट्टीखालून उजेड दोन्ही कडांना दिसला तर मध्ये फुगवटा आहे, म्हणजे कुठलातरी स्क्रू अजून घट्ट आहे किंवा नेकपाशी अडकतंय. बहुतेक वेळा वरच्या हॉर्नवरचाच असतो.